शेड कार्ड

नंदेसरीच्या रंग-कारखान्यात
एकोणतीस वर्षं मी शेड जुळवल्या.
धुऊन वाळवलेली चिंधी खिडकीशी धरायची,
दिव्याखाली नाही, उत्तरेच्या उजेडात,
आणि सांगायचं : पिवळा किंचित जास्त.
किंचित म्हणजे किती, ते माझा डोळा जाणे.

आता कारेलीबागेत, मागच्या खोलीत,
भाच्याच्या सोळा खोक्यांसमोर बसते.
प्रत्येकात एक पाल.
पाल नको म्हणूस गं मावशी, म्हणतो ऋतुध्वज,
गेको म्हण.
बरं बाबा, गेको. हिला पापण्या आहेत, एवढं मलाही दिसतं.
भिंतीवरची जन्मभर टक्क बघत राहते,
ही अळी गिळली की दोन्ही डोळे मिटते,
ताकभातानंतर आमचे अण्णा मिटायचे तशी.

तो नावं सांगतो : टँजरिन, स्नो, ब्लिझर्ड.
मी मनात माझी कार्डं भरते.
टँजरिन : शेंदूर, तेलात नुकता कालवलेला.
स्नो : जन्मताना पाटीपेन्सिल,
मग वर्षभरात जुन्या वहीसारखी पिवळत जाणारी.
ब्लिझर्ड : राख. रात्र उलटून गेलेली.

आणि ही एनिग्मा.
ठिपके असे की चिंधीवर कुणाला साधणार नाहीत,
पण मान वाकडी. गोल गोल फिरते,
अळीवर झेप घेते नि वाळूच चावते.
"ते रंगासोबतच येतं," तो म्हणाला, "वेगळं काढता येत नाही."

आमच्याकडे एक लाल होता.
बाहेरच्या देशांत फार मागणी.
तो ढवळणाऱ्या दोघांना पुढे लघवीतून रक्त जायला लागलं.
कार्डावर त्याचा फक्त नंबर होता.
हे मी ऋतुध्वजला सांगितलं नाही.

रविवारी टाकी धुवायला भलजी राठवा आला,
जांबुघोड्याकडचा. हात पुसत
खोक्यांपुढे उकिडवा बसला.
शेंदूर, वही, राख, सगळ्यांवरून नजर गेली त्याची,
थांबली सोळाव्यावर.
जिला भाव नाही, जिला नुसतं नॉर्मल म्हणतात तिच्यावर.

"ही तर आमच्या डुंगरात असते. जरा मोठी.
दिसली की दगड घालतो. फुंकली तरी माणूस जातो म्हणतात."
"विष नसतंच हिला," ऋतुध्वज हसला.
"नसेल," भलजी म्हणाला.
बराच वेळ बघत राहिला.
"मी मेलेलीच पाहिलीय आजवर."
तिने जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला.
भलजी दचकला, मग लाजला.

तो गेल्यावर मी सोळावं खोकं उचललं,
उत्तरेच्या खिडकीशी नेलं.
पिवळा? मातकट? वाळल्या गवताखालचा दगड?
जुळेना.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा
कार्ड कोरं ठेवून बसले.

उजेडाने तिने डोळे बारीक केले.
मी मध्ये हात धरला.