तुटलेला इंच

टेपचा पहिला इंच तुटला त्याला चार वर्षं झाली.
खाऱ्या वाऱ्यानं आधी आकडे खाल्ले, मग पत्रा,
आणि एक दिवस बाबल तांडेलाच्या होडीत
फळी मोजताना टोक कटकन हातात आलं.
तेव्हापासून मी एकावरून मोजतो
आणि शेवटी एक वजा करतो.
हातच करतो ते, डोक्याला सांगावं लागत नाही.

सुलक्षणा वजा करत नाही.
म्हणून आमच्या घरात दुर्वाच्या दोन उंच्या,
एक बापाची, एक आईची,
आईची इंचभर जास्त.

आचऱ्याच्या खाडीकडे उघडणारं मागचं दार.
चौकट फणसाची, मीच बसवलेली.
तिच्या डाव्या अंगाला पेन्सिलीच्या रेघा,
रेघेशेजारी तारीख, कुठे तारखेऐवजी
‘नारळी पुनव’, कुठे ‘ताप उतरल्यावर’,
आणि एक नुसतीच रेघ,
कुणी कधी मारली, दोघांनाही आठवत नाही.

अंगणवाडीच्या मेथरबाई म्हणाल्या,
सहा महिन्यांत मुलगी वाढलीच नाही.
त्यांच्याकडे सरकारी पट्टी, भिंतीला ठोकलेली,
आणि कार्डावर आमचा ठिपका
हिरव्यातून पिवळ्यात उतरलेला.
त्या रात्री सुलक्षणा जेवली नाही.
दुर्वाला मात्र दोनदा वाढलं,
पेडव्यांचे काटे काढून काढून.

मी सुतार. होडीच्या पठाणाला सूतभर बाक आला
तर ओळंब्याआधी माझ्या डोळ्याला कळतो.
म्हटलं, पोरीला एकदा नीट मोजू.
गुण्या घेतला, डोक्यावर टेकवला.
तीनदा मोजली, तीन आकडे आले.
सकाळी एक, संध्याकाळी दोन सूत कमी.
तेल घातलं की वेगळं, शेंड्या बांधल्या की वेगळं,
श्वास घेतला की वर, हसली की खाली.
लाकडाचं एक बरं असतं,
ते हसत नाही.

मागची रेघ तिच्या डोक्याच्या इंचभर वर राहिली.
“बाबा, मी ल्हान झालंय?”
ह्यावर माझ्या पेटीत हत्यार नव्हतं.

मग नजर खाली गेली.
मे महिन्यात आम्ही लाद्या घातल्या होत्या.
सारवलेल्या भुईवर रेती, रेतीवर सिमेंट,
त्यावर कणकवलीहून हप्त्यानं आणलेली पांढरी लादी.
उंबऱ्याशी कड उघडी आहे, तिथे मोजलं,
एक इंच सात सूत.
भुई वर आली होती
आणि आम्ही पोरीकडे बघत होतो.

पण बाईंची पट्टी? तिथे कुठली लादी?
सुलक्षणा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
मागच्या खेपेला दुर्वा तापात होती,
आकडा मीच फोनवर सांगितला.
“घरच्या टेपनं?”
“घरच्याच.”
“एक वजा केलास?”
ती खडे बाजूला काढत राहिली.
मग म्हणाली, लेकीसाठी इंचभर जास्त मागितला
तर कुणाचं काय गेलं?

हिशेब मांडला. पाटावर, खडूनं.
वाढलीय. सात सूत.
रेघ मारताना पेन्सिल तिरकी नसली तर सात,
लादी सगळीकडे सारखी बसली असली तर सात.
बाईंना उद्या सांगायला हवं,
काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

आज पुन्हा उभी केली.
पाठ चौकटीला, हनुवटी सरळ, हालू नको गो.
ती श्वास धरून उभी,
आणि तिच्या टाचांखालून
खाडीवरचा उजेड लादीवर आत येतो,
केसाएवढा.

होडीत असा उजेड दिसला असता
तर कापूस ठासला असता, वर राळ ओतली असती,
एक थेंब आत येऊ दिला नसता.

मी पेन्सिल जिभेवर ओली करतो
आणि रेघ मारतो.
आतून सुलक्षणा विचारते, किती?

मी वजा न करता सांगतो.