बावीस दिवस

इन्व्हरकार्गिलच्या दवाखान्यात
हीटरला चिकटून बसलेय मी.
गमबूट दाराबाहेर, अंगाला ओल्या लोकरीचा वास.
मेरेआना कॅलेंडरवर पेनाचं टोक टेकवते:
आज एक, सातव्या दिवशी एक, एकविसाव्याला शेवटची.
विमान बाविसाव्या दिवशी.
"म्हणजे आजच, आयल्सा.
उद्या आलीस तर माझं गणित बसणार नाही."

तिन्ही डोसांचे मिळून जेवढे डॉलर
तेवढ्यात दोन चांगल्या मेंढ्या येतात.
मी हे मोठ्यानं म्हणते. ती हसत नाही.
तिच्या वडिलांच्याही मेंढ्या होत्या.

आमच्या बेटांवर हा रोगच नाही.
इथे कुत्रा चावला तर चावला;
साबण, पट्टी, आणि मालकाला चार शब्द.
पन्नास वर्षं कुत्र्यांच्या जबड्यात हात घालत आलेय मी,
काटा काढायला, गोळी सारायला,
एकदा तर मेलेलं कोकरू सोडवून घ्यायला.
माझा मॉस हंटअवे जातीचा. भुंकणं हीच त्याची नोकरी.
दिवसभर टेकडीवर भुंकून कळप हाकतो,
रात्री घसा बसलेला माझ्या पायांवर झोपतो.
भुंकणारा चावत नाही म्हणतात, ते त्याला तरी लागू.

पण ज्याला तो रोग होतो, मेरेआना सांगते,
त्याचा आवाज बदलतो.
कधी तो गप्प गप्प असतो. कधी लाडात येतो.

लाडात येतो.
हे मला ऐकायचं नव्हतं.

नारिनच्या वरच्या कुरणात बुरुल्चा राहते.
ती नमद्याचे गालिचे शिवते, मी लोकर पारखते.
तीन वर्षं फोनमधल्या मोडक्या भाषांतरातून
आम्ही एकमेकींच्या मेंढ्यांची दुखणी विचारतो.
परवा विचारलं: कुत्रे आहेत?
"सहा. पाच चांगले."
मग बऱ्याच वेळानं:
"धाकट्या दिराला गेल्या वसंतात परका कुत्रा चावला.
घोड्यावर एक दिवस, जीपमध्ये अर्धा.
गावात लस होती, ते दुसरं औषध नव्हतं. बिश्केकहून मागवलं.
तो बरा आहे. लग्न ठरतंय."
आणि शेवटी: "येताना सुया आण. जाड.
इथल्या वाकतात."

"ते दुसरं औषध जखमेत भरतात," मेरेआना म्हणते.
"आधी लस घेतलेली असली तर ते लागत नाही.
चावल्यावर दोन डोस मात्र घ्यावेच लागतात.
घेतली म्हणजे सुटलीस, असं समजू नकोस."
"मग आता कशाला?"
"खाली उतरायला थोडा वेळ मिळतो."

थोडा वेळ.
इवन म्हणाला होता, आधी ही कोकरं, मग दवाखाना.
छातीवर हात ठेवून म्हणाला होता, तोही उजवा,
डावा कोकरात गुंतलेला.
दुपारी जाऊ म्हणाला.
मी चहाचा थर्मास भरून आणला,
तर कोकरू उभं होतं.

खरं सांगू, पैशांचं नाही.
तिथे पोचले की पहिलं कोण येईल?
कुत्रेच येतील, शेपट्या हलवत, सहाच्या सहा.
बुरुल्चा मागून येईल, पदराला हात पुसत,
आणि मी उभी असेन हात खिशात घालून,
सहावा कोणता ते शोधत.
पाहुणीनं असं करावं?

खिशात खरोखरच पाकीट आहे,
वीस जाड सुयांचं, तीन कोनी टोकाच्या,
सकाळीच खोगीरवाल्याकडून उचललेलं.
किंमत विचारली नव्हती.

मी स्वेटरची बाही वर करते.
"तो नको," मेरेआना म्हणते,
"कात्री धरतेस तो हात राहू दे."
कापूस थंड लागतो.
बाहेर ट्रकमध्ये मॉस एकटा,
कळप नाही, टेकडी नाही,
तरी कामाला लागलाय.