ठराव क्रमांक चार

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
सभा त्याहून उशिरा.

आधी कुठल्या गल्लीला सोडायचं, एवढ्यासाठी
हा तिसरा रविवार.
नरसम्मा गुंडेटी तेलुगूत बोलते,
तिची सून मराठीत सांगते, मागून कुणी कन्नडमध्ये,
मग राबियाबी विचारते, "माझं नाव घातलं का?"
आणि पुन्हा पहिल्यापासून.
मांडीवर सूप, हात थांबत नाहीत.
हजार विड्या वळून होतात, ठराव होत नाही.

परवा बुलेटवरून एक जण आला.
"शिक्का माझ्याकडे द्या.
उद्यापासून टँकर. सभा बंद."
टाळ्या पडल्या. खोटं कशाला, मीही वाजवल्या.
घागर रिकामी होती.

नरसम्मा पान कातरत म्हणाली, थेट मराठीत,
"का बे, परवा टँकर आला नाही तर
विचारायचं कुणाला?"

तो हसला.
सकाळी सभेच्या खोलीला
दुसरंच कुलूप.

म्हणून आज खांबाच्या दिव्याखाली,
गुडघ्यावर वही घेऊन मी लिहितेय:
बाजूनं अकरा, विरोधात पाच.
"थांब," राबियाबी म्हणते,
"पाचांचं म्हणणं पण लिही."

लिहिते.
पाण्याला अजून दोन दिवस आहेत.