आधी कंदील

तिसरं प्रकरण अडलंय एका आकड्यावर :
महापुराआधी हरिपुरात हळदीची पेवं होती किती?

चार प्रबंध सांगतात एकच आकडा,
एका सुरात, शाळेतल्या पाढ्यासारखा.
मला वाटलं, चार साक्षीदार, संपलं काम.
उपाध्ये मॅडमनी चष्मा कपाळावर सारला :
"चौघं एकाच पंगतीतून उठून आलेत का,
ते बघ आधी. प्रबंधांचंही पेव फुटलंय हल्ली."

मग तळटीपेमागे तळटीप.
चौथा बोट दाखवतो तिसऱ्याकडे,
तिसरा दुसऱ्याकडे,
दुसऱ्याने पहिल्याचं आडनावही धड लिहिलेलं नाही,
आणि पहिला येऊन टेकतो
व्यापारी मंडळाच्या एका स्मरणिकेपाशी.
पान सदतीस. वर पापडाची जाहिरात,
खाली कुणा माजी सचिवांचा लेख,
लेखात तो आकडा,
आणि आकड्याच्या आधी एक शब्द :
अंदाजे.

कुठे गळाला असेल हा?
पोत्याच्या उसवल्या शिवणीतून
हळकुंड गळावं वाटेत
आणि गाडीवानाला पत्ताही लागू नये,
तसा गळाला. पुढे सगळे
रिकाम्या जागेवरून सरळ चालत आले.

मार्केट यार्डात, बिरनाळ्यांच्या आडतीवर
जुनी वही मिळाली बघायला.
लाल कापडाची बांधणी, मोडी वळण,
पान उलटलं की बोटं पिवळी.
मी हरखले. त्या काळातला कागद, त्याच हातचा!
धाकटे बिरनाळे बशीत चहा ओतत म्हणाले,
"ही पक्की वही, ताई. साहेबांना दाखवायची.
कच्ची आजोबांनी बंबात घातली."

म्हणजे अस्सल कागद, आणि खोटं बोलणारा.
तरी टाकून नाही दिली मी ती.
तिला पेवं किती विचारायचं नाही, इतकंच.
तिला विचारायचं,
कुणापासून काय लपवायचं होतं.

बाबालाल नदाफ पेवात उतरायचे, तीस वर्षं.
साल विचारलं तर म्हणतात, "थोरलीच्या लग्नाआदल्या साली."
थोरलीचं लग्न कधी, यावर घरात दोन मतं.
रेकॉर्डरवर सव्वा तास,
त्यात एकही तारीख उभी राहणार नाही.
पेवं किती होती, काका?
"मोजायला वर कोण हुतं? आमी खाली."

मग मी सहज विचारलं,
पेव उघडलं की पहिल्यांदा काय करायचं?
ते उठून उभे राहिले.
अदृश्य दोरी दोन्ही हातांनी
फरशीत सोडत गेले, हळूहळू :
"आदी कंदील सोडायचा.
तळाला पेटता ऱ्हायला, तर माणूस.
इझला, तर थांबायचं. तोंड उघडं ठिवून थांबायचं.
शेठ वरडला तरी थांबायचं.
माल झ्याक असतोय वो आत, वासबी झ्याक.
खराब हवा तेवडी दिसत न्हाई."

रात्री संदर्भसूची उघडली
आणि एकेका नावाच्या तोंडाशी बसले, दोरी घेऊन.
काही ठिकाणी ज्योत हलली, टिकली.
काही ठिकाणी अर्ध्यातच गेली.
क्रमांक एकोणीस :
माझाच लेख, दोन वर्षांपूर्वीचा.
तोच आकडा. अंदाजे नाही.
खाली किती वेळ अंधार बघत होते कोण जाणे.
त्या लेखाचा हवाला देऊन
कोल्हापुरात कुणीतरी
पाचवा प्रबंध लिहीत असेल आत्ता.

निघताना बाबालाल दारापर्यंत आले होते.
"पुस्तकात माजं नाव येनार व्हय?"
येणार, म्हटलं.
त्यांनी खिशातून कार्ड काढलं, सरकारी, शिक्क्याचं,
आणि अंगठ्याने एक अक्षर झाकलं.
"हितं नदाप छापलंय. दोनदा अर्ज दिला.
तुमी कार्ड बघून लिवू नका.
मला इच्यारून लिवा."