चौदा वजा

म्हाप्याहून आलेला सेन्सर
जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेला.
टोकाला करपलेलं प्लॅस्टिक, सोबत चिठ्ठी:
‘चालू आहे. तरी बघून घ्या.’

रबाळ्याच्या लॅबमध्ये मी तो बेंचवर आडवा ठेवला.
पंखा बंद केला, पारसिककडची खिडकीही.
कुठेच जोडलेला नाही,
तोंडासमोर नुसती हवा,
आणि हा सांगतोय: चौदा बार.

सहा वर्षं
दोनशे तीस अंशांच्या रशात नाक खुपसून बसला होता.
नाकावरचा पडदा पोस्टकार्डाहून पातळ,
मागे बारीक नळीत पारा,
आणि दीड हात लांब, गारव्याला,
हिशेब ठेवणारी डबी.
भाजायचं एकानं, आकडा सांगायचा दुसऱ्यानं,
घडणच तशी.
पडदा कधीतरी जरासा आत बसला तो बसलाच.
आम्ही याला ‘शून्य सरकलं’ म्हणतो
आणि फॉर्मवर एक टिक करतो.

फोन केला. एक्स्ट्रूडरवर हसुराम म्हात्रे.
‘चवदा ना? मना ठाव हाय, ताय.
चवदा कापूनशीच वाचतंव.’
कधीपासून?
‘गनपतीच्या आदीपासून.
कंच्या गनपतीच्या, त्या नको इचारू.’

कुठे लिहून ठेवलंय?
कुठेच नाही.
रात्रपाळीच्या पोराला सांगितलं होतं,
तो भिवंडीला गोदामात लागला.

नवा सेन्सर घेऊन मीच गेले.
भोकातलं जळकं खरवडलं, आटे साफ केले,
मशीन तापेपर्यंत दोन चहा.
स्क्रू फिरायच्या आधी डिस्प्लेवर शून्य.
हसुराम बघत राहिले,
उधारी फिटल्यावरही माणूस
वाण्याची वही एकदा उघडायला लावतो, तसे.

लाइन सुरू झाली. एकशे ऐंशी.
त्यांचे ओठ हलले: एकशे सहासष्ट.
हात निघाला वेग वाढवायला.
‘दादा, आता कापायचं नाही.’
‘व्हय व्हय.’
हात मागे आला, ओठ मात्र हलतच होते.
काळा पाइप निळी रेघ घेऊन
पाण्याच्या हौदातून सरकत राहिला.

संध्याकाळी जुना पुन्हा बेंचवर लावून पाहिला.
गार पडलेला. चौदा.
पाऱ्याच्या भंगाराची पेटी वेगळी असते,
तिच्यात टाकण्याआधी
एक चिकटपट्टी लावली, वर पेनानं लिहिलं: वजा १४.
वाचणार कोण, माहीत नाही.