पंधरा मीटर

मंगळवारी सकाळी मशीन बंद करते
आणि घर एकदम मोठं होतं.
घड्याळ ऐकू येतं. खाली झोंगुलदाकच्या बंदरात
कुणीतरी साखळी ओढतंय, तेही.
तेवढ्यापुरता सातिल्मिश सिलिंडरवर.
काट्याकडे बघत बसतो, माझ्याकडे नाही.

मागची जाळी काढते. स्पंजच नुसता, तळव्याएवढा.
साबणाच्या पाण्यात दाबला की राखाडी सुटतं.
याचे कपडे मी एकतीस वर्षं धुतले:
पहिलं पाणी काळं, दुसरं काळं,
तिसऱ्यात माझीच बोटं मला दिसायला लागायची.
आता एका पाण्यात भागतं. ही धूळ घरातली,
गालिच्याची, माझ्या शालीची.
आतली कुठल्या नळाखाली धरू?

बाटलीला एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास.
दवाखान्यातली पोरगी म्हणाली, पांढरंच घ्या, आजी,
लोणच्याचं नको.
म्हणून फळीवर दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या.
एकीवर लिहिलंय काकडी,
दुसरीवर सातिल्मिश.

कोळसा त्यानं कधी फोडला नाही.
तो पंख्यावर होता. हवा खाली पाठवायची, एवढंच काम.
पण वापरून झालेली हवा ज्या वाटेनं वर यायची
त्याच वाटेत त्याची शिडी होती.
चारशे माणसांनी सोडलेला श्वास
हा पाना हातात धरून घेत राहिला.
बेअरिंग बोलतं, म्हणायचा. ऐकणारा पाहिजे.

अजूनही खाटेवरून हुकूम सुटतात:
हाजेर, भिंतीला टेकलंय ते, पुढे ओढ.
हाजेर, पडदा बाजूला कर, त्याला श्वास घेऊ दे.
त्याला म्हणजे मशीनला.

पेन्शनीचा कोळसा दर ऑक्टोबरात येतो,
अंगणात पडून राहतो.
ऑक्सिजनच्या घरात विस्तव नको, म्हणून शेगडी मी विकली.
तो हसला. आधीची दोन पोरं दगावली तेव्हा
याच्या आईनं याला शेजारणीला खोटंखोटं विकलं होतं,
नावच पडलं, विकलेला.
मला विकलं ते टिकलं, म्हणाला,
शेगडीचं बघू.

नळी पंधरा मीटरची.
खाट, मोरी, खिडकी, जिन्याची तिसरी पायरी.
चौथ्या पायरीवरून तुतीचं झाड दिसतं.
नाकातली नवी पंधरा दिवसांनी येते,
लांब नळी मी दोरीवर टाकते, सावलीत,
त्याचा निळा डगला वाळायचा तिथेच.
पुसायची नाही. थेंब आपोआप खाली येतात.

परवाच्या मंगळवारी जाळी वाळेना.
बाहेर धुकं, आत ओल, दुसरी जाळी मागवलीये ती यायचीय.
सिलिंडरचा काटा लाल पट्टीला भिडला.
मी म्हटलं, बसवते अशीच, थोडी तर ओली आहे.
तो नाही म्हणाला.
मोठ्यानं नाही; मोठ्यानं बोलण्याइतकं त्याच्याकडे उरत नाही.
ओली बसवायची नाही. थांबू.
मग बऱ्याच वेळानं:
एकदा आम्ही थांबलो नव्हतो.
कुणाचं नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही,
लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली तरी
काही पायऱ्यांपर्यंत नळी पुरत नाही.

वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत बसले.
स्पंज गालाला लावून बघायचा, पुन्हा वारा.
तो ओठ आवळून, मेणबत्ती विझवल्यासारखा
हळूहळू श्वास सोडत होता, शिकवलंय तसा.
माझाही तसाच सुटायला लागला,
कधीपासून, कळलं नाही.

वाळली. बसवली. बटण.
बाटलीत बुडबुडे उठले, आधी दोन, मग खूप.
त्यानं डोळे मिटून कान दिला
आणि बोट वर केलं: गप्प.
मी गप्प बसले.
काकडीची बाटली चुकून खाली काढली होती,
ती परत फळीवर ठेवली.