साडेतीन सूत

फुलकुवरबाई आली तेव्हा हातात बंदूक नव्हती.
निवडणूक लागलेली, बंदूक कुरखेड्याला ठाण्यात जमा.
पदराच्या गाठीत दोनच वस्तू :
मोहळाच्या मेणाचा गोळा,
नळीच्या तोंडात अंगठ्यानं दाबून काढलेला,
आणि नळीच्या लांबीची सुतळी, टोकाला गाठ मारून.
"हवालदार हासला जी," ती म्हणाली,
"पन वहीत लिवून ठेवलंन : ठासनी नाही."

ठासणी उदळीनं खाल्ली होती.
नवरा गेला त्या पावसाळ्यात
कुडाला टेकून तशीच उभी होती,
हात लावला तर भुगा.

मी मेणाला कंपास लावला. चार सूत.
आता चार सुताच्या नळीला काडी किती सुताची?

माझा बाप, दसरू वाढई, तीनच म्हणायचा.
चौथ्या बारानंतर नळीला आतून काजळी धरते,
भोक बारीक होत जातं,
जाड ठासणी एकदा का बसली
की वर येत नाही, खाली जात नाही,
आणि डुकरं काही धानात थांबत नाहीत तुमच्यासाठी.
खरं होतं त्याचं.
पण तीन सुताची काडी जोर दिला की नळीत लवते
आणि मोडली तर तिरपी मोडते, सुरीसारखी.
बापाच्या उजव्या तळहातात
आरपार गेलेली एक पांढरी खूण होती.
तरी तीनच म्हणायचा.

मी साडेतीन धरलं.

लाकूड धामणीचं. करवत लावली नाही,
पाचर मारून चिरलं,
रेषा जाईल तिकडं जाऊ दिलं.
दोन वर्षं चुलीवरच्या आढ्यात धूर खाल्लेलं.
मग फुटक्या काचेनं खरवडत बसलो,
एक पापुद्रा, पुन्हा मेणात घालून बघ,
एक पापुद्रा, पुन्हा बघ.
बायको म्हणाली, एवढ्या वेळात बंडीचा जू झाला असता.
शेवटी टोरीचं तेल. टोकाला पितळेची टोपी.

मतमोजणी झाली, बंदूक सुटली, बाई घेऊन आली.
ठासणी नीट असेल तर
सोडली की आपल्या वजनानं उतरते
आणि तळाला लोखंडावर वाजते, टण्.

उतरली. छान उतरली.
पण वाजली, थप्.

सुतळी बाहेरून लावून पाहिली.
गाठ खाली राहिली, ठासणी वर,
मध्ये चार बोटं.

आम्ही दोघंही बोललो नाही.
मी नळीचं तोंड हळूच नाल्याकडं वळवलं.
ठाण्यात तीन महिने ही भिंतीला टेकून होती,
हवालदार पुसत होता,
आणि हिनं मेण दाबलं तेव्हा
अंगठा नेमका तोंडावर.

पाणी ओतलं, रात्रभर ठेवलं.
सकाळी काडीच्या टोकाला मळसूत्र बसवून ओढलं :
चिंधी निघाली, हिरव्या काठाची,
मग छर्रे, मग पुन्हा चिंधी,
मग काळा चिखल, ओंजळभर.

बाईनं चिंधी उलटीपालटी करून पाहिली.
"माह्याच लुगड्याची," एवढंच.
मग त्या चिखलाकडं बघून एकदम भडकली,
"एवढी दारू! एका डुकराले एवढी!
सांगून सांगून थकली मी या मानसाले!"
आणि किती तरी वेळ त्याला रागावत राहिली,
तो ओसरीवर बसलेला असावा तशी.

मी ठासणी पुन्हा सोडली. टण्.
तोंडाशी चाकूनं खाच मारली, रिकाम्या नळीची.
डोळे मिटून बोटाला लागली पाहिजे अशी.

मग नळीखालच्या घरात सरकवायला गेलो.
सरकेना.
ते लाकूड बापानं कोरलेलं. तीन सूत.

"ठेवून जा, मोठं करून देतो," मी म्हणालो.
"राहू द्या जी," ती म्हणाली.
बंदूक खांद्याला लावली,
ठासणी हातात घेतली
आणि धुऱ्यावरून निघाली, ती टेकत टेकत.